उट्रेख्तमध्ये दोन रात्री: आजी-आजोबा आणि दोन मुलांसह सहा माणसांचं नियोजन

राईनकाठी

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला दोन रात्री जायचा बेत आहे. माणसं सहा. आम्ही दोघं, नाशिकहून आलेले सासूबाई-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास), मुलगी ५ वर्षांची, मुलगा १० वर्षांचा. वडीलधारे पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही.

कच्चा आराखडा असा: शनिवारी सकाळी आयसीईने (जर्मनीची वेगवान गाडी) पोचायचं, डोम टॉवर (जुन्या चर्चचा मनोरा) चढायचा, कालव्यातून बोट. रविवारी रेल्वे संग्रहालय आणि डे हार किल्ला. सोमवारी सकाळी मिफी या चित्रपुस्तकांतल्या सशाचं संग्रहालय, दुपारच्या गाडीने परत. मधे कधीतरी दोन तास सायकली.

ॲमस्टरडॅम आणि ट्यूलिप या बेतात नाहीत, उट्रेख्तच नीट पाहायचं आहे. कुठे काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

रूळवाला

आधी सोमवार काढून टाका. मिफी संग्रहालय, त्याच्यासमोरचं सेंट्राल म्युझियम, स्पीलक्लोकचं वाद्यसंग्रहालय, रेल्वे संग्रहालय, सगळ्यांचा एरवीचा शिरस्ता मंगळवार ते रविवार असा आहे. शाळेच्या सुट्टीत काही ठिकाणं सोमवारीही उघडतात, पण ती सुट्टी डच शाळांची. तुमच्या जर्मन राज्याच्या सुट्टीशी तिचा मेळ बसेलच असं नाही, शिवाय डच सुट्ट्याही उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा विभागांनुसार पुढेमागे होतात. एक दिवस रजा टाकून शुक्रवार ते रविवार करा, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

आता गाडी. ड्युसेलडॉर्फहून येणारी आयसीई ओबरहाउझेन, आर्नहेम करत थेट उट्रेख्त सेंट्रालला थांबते. पावणेदोन-दोन तासांचा प्रवास. तिकिटात जागेचं आरक्षण धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. वडीलधारे सोबत असताना तिथे पैसे वाचवू नका. हद्दीवर दोन्ही देशांचे पोलीस अधूनमधून तपासणी करतात, त्यामुळे सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट जवळ हवेत. फोनमधला फोटो चालत नाही.

उट्रेख्तला बाहेर पडताना स्वयंचलित फाटकं आहेत. जर्मन तिकिटावरचा चौकोनी कोड फाटकाच्या काचेवर धरला की ते उघडतं. फोनची स्क्रीन पूर्ण उजळ करा आणि सहा जणांचं तिकीट एकाच कोडवर असेल तर रांग अडवून उभं राहू नका. बाजूच्या रुंद फाटकाशी मदतीचं बटण असतं. ते दाबलं की माणूस बोलतो आणि फाटक तिथून उघडून देतो. बाबागाडी, चाकाची खुर्ची आणि मोठ्या बॅगांसाठीही तेच फाटक.

राईनकाठी

शुक्रवार ते रविवार जमेल. शहरातल्या बस-ट्रामचं काय? आमच्याकडे जर्मन बँकेची गिरोकार्डं (तिथली डेबिट कार्डं) आहेत, सासऱ्यांकडे रुपेचं कार्ड.

रूळवाला

दोन्ही निरुपयोगी. गिरोकार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्हही असेल तरच चालेल. नुसतं गिरोकार्ड किंवा रुपे फाटक ओळखत नाही.

तिथली पद्धत ओव्हीपे: चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना परत टेकवायचं. मोठे घोळ तीन होतात.

पहिला, एका कार्डावर एकच माणूस. चार मोठी माणसं म्हणजे चार वेगळी साधनं. एकाच कार्डाने बायकोला आत घेऊन मग स्वतः टेकवलं, तर यंत्र समजतं तुम्ही बाहेर पडलात.

दुसरा, फोन आणि प्लास्टिकचं कार्ड ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं, जरी दोन्ही एकाच खात्याची असली तरी. याचा फायदा असा की तुमचा फोन तुम्हाला आणि तेच प्लास्टिकचं कार्ड सासऱ्यांना, असं चालतं. तोटा असा की चढताना फोन आणि उतरताना कार्ड टेकवलं तर दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर दंडवजा आकार पडतो. पाकिटात दोन कार्डं एकत्र ठेवून पाकीटच टेकवणाऱ्यांचं हेच होतं.

तिसरा, उतरताना टेकवायचं राहून जाणं. रेल्वेत त्याचे २० युरो कापले जातात, बस-ट्राममध्ये ४. पैसे परत मिळतात, त्यासाठी 'उइटचेक गेमिस्ट' नावाचं संकेतस्थळ आहे, पण ते सोपस्कार करत बसण्यापेक्षा बसमधून उतरताना "टेकवलं का?" असं एकाने मोठ्याने विचारायचं. मराठीत विचारलं तर कुणाला कळतही नाही.

मुलांचं वेगळं आहे. ४ ते ११ वयाच्या मुलांसाठी रेल्वेत रेलरनर नावाचं नाममात्र किमतीचं दिवसभराचं तिकीट मिळतं, एका मोठ्या माणसासोबत तीन मुलांपर्यंत. ते रेल्वेच्या ॲपवर किंवा यंत्रावर घ्यायचं. चार वर्षांखालची मुलं फुकट.

आणखी एक: ओव्हीपेवर आयसीईत चढू नका, देशांतर्गत प्रवासालाही तिथे वेगळा अधिभार लागतो. डब्याच्या काचेवर 'स्टिल्टे' लिहिलेलं असेल तर मुलं घेऊन तिथे बसायचं नाही. तो शांततेचा डबा, आणि तिथले लोक सांगायला संकोच करत नाहीत.

गंधारपंचम

वरच्यात भर. भारतातून आणलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं तपासा: 'आंतरराष्ट्रीय वापर' आणि 'टॅप करून पैसे'. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी दिली जातात, आणि टॅपचं बटण आंतरराष्ट्रीय वापराखाली वेगळं असतं. पहिलं चालू आणि दुसरं बंद असेल तर दुकानात पिन टाकून कार्ड चालतं, फाटकावर मात्र लाल दिवा. कार्ड खराब आहे असं वाटून लोक उगाच बँकेला फोन लावतात.

पैसे लगेच कापले जात नाहीत. दिवसभराचे प्रवास एकत्र होऊन रात्री एकच रक्कम जाते.

वेताळटेकडी

मुळात उट्रेख्तच्या मध्यभागात बस-ट्राम लागतेच किती? स्टेशनपासून डोमपर्यंत पायी १५ मिनिटं, डोमपासून मिफी संग्रहालय तेवढंच.

रूळवाला

@वेताळटेकडी, तुमची १५ मिनिटं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांची ३०. वर रस्ता दगडी फरशांचा. बस हाताशी असलेली बरी.

घंटाघर

डोम टॉवरबद्दल. उंची ११२ मीटर, पायऱ्या ४६५, लिफ्ट नाही. १३२१ ते १३८२ या काळात बांधलेला आहे. २०१९ पासून बरीच वर्षं परांचीत गुंडाळलेला होता, आता मोकळा झाला आहे. एकट्याने चढता येत नाही, ठरलेल्या वेळी वाटाड्यासोबत गट निघतो आणि मधे दालनांत, घंटांपाशी थांबत वर जातो. चढाई सलग नाही, पण जिना गोल आहे आणि वर वर अरुंद होत जातो. मधेच मागे फिरायचं म्हटलं तर गटाला अडवून फिरावं लागतं. ५ वर्षांच्या मुलीला वर नेऊ नका. थकली की कडेवर घ्यावं लागेल आणि त्या जिन्यात कडेवर मूल घेऊन दोघांना डोकं सांभाळता येत नाही. मुलगा आणि तुमच्यापैकी एक जण, बस.

बाकीच्यांनी खाली काय करायचं? टॉवर आणि चर्च यांच्यामध्ये मोकळा चौक आहे, तो मुळात चर्चचाच मधला भाग होता. १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात तो कोसळला, पुन्हा बांधला गेला नाही, म्हणून टॉवर एकीकडे आणि चर्च दुसरीकडे उभं आहे. पडलेल्या भागाच्या रेषा फरशीत दाखवल्या आहेत. त्या कळल्या की सासऱ्यांना चौक पाहण्यात गंमत वाटेल. चर्चला लागून पांडहोफ नावाची आतली बाग आहे: बाकं, कारंजं, औषधी झाडं. थकलेल्या पायांसाठी मध्यभागात याहून चांगली जागा नाही.

त्याच चौकाखाली 'डोमअंडर' आहे. अंधारात टॉर्च घेऊन उत्खनन पाहायचं. टॉर्चचा झोत ठरावीक ठिकाणी पडला की कानात माहिती सुरू होते. रोमन किल्ला, वरचं चर्च, ढासळलेले खांब, सगळे थर एकावर एक. १० वर्षांच्या मुलाला टॉवरपेक्षा हे जास्त आवडण्याची शक्यता आहे. रोमन सीमेवरची ही ठाणी २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, त्यात हा चौकही आहे. दोन्हींची तिकिटं आधी ऑनलाइन घ्या. शनिवारी दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका.

वेताळटेकडी

टॉवरबाबत असहमत. ५ वर्षांची चपळ मुलं सिंहगड चढतात.

घंटाघर

सिंहगडावर वाटेत बसता येतं, ताक पिता येतं. इथे मागे वीस माणसं उभी असतात.

थालीपीठ

बोटीबद्दल कुणी लिहिलं नाही. उट्रेख्तचा कालवा ॲमस्टरडॅमसारखा नाही. आउडेग्राख्त या मुख्य कालव्याला दोन मजले आहेत: वर रस्ता, खाली पाण्यालगत धक्का, आणि धक्क्याच्या आत, रस्त्याच्या पोटात, तळघरं. मध्ययुगात बोटीतला माल सरळ या तळघरांत उतरवायचे. आज तिथे खाणावळी आणि दुकानं आहेत.

तुमच्यासाठी याचे दोन अर्थ. एक, बोटीत बसायला दगडी जिना उतरून धक्क्यावर जावं लागतं आणि परत चढावं लागतं. सासूबाईंसाठी तिकीट घेण्याआधी बोटवाल्यांना "गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोयीचा धक्का कुठला?" हे विचारून घ्या. दोन, धक्क्याला कठडा नाही. अजिबात नाही. पाण्यालगतच्या टेबलावर मुलं घेऊन जेवायला बसाल तर मुलीला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवा आणि वाढपी येईपर्यंत तिला पळू देऊ नका.

फेरी साधारण तासाची असते. काच आणि छप्पर असलेली बोट निवडा, पावसात उघड्या बोटीत बसण्यात काही मजा नाही. पूल इतके बुटके आहेत की उघड्या बोटीत उभं राहिलेल्या माणसाला खाली बसवतात. पायडलच्या बोटी आणि कयाकही मिळतात, पण ते मुलगा आणि बाबा या जोडीसाठी.

अवांतर: शहराभोवतीच्या जुन्या खंदकाचा एक भाग १९७० च्या सुमाराला बुजवून तिथे मोटाररस्ता केला होता. तो उखडून २०२० मध्ये पुन्हा पाणी सोडलं. स्टेशनजवळ आज जिथे बोटी दिसतात तिथे मोटारी धावत होत्या. नाशिककरांना नदीकाठच्या काँक्रीटची चर्चा नवी नाही, सासरेबुवांना हे जरूर दाखवा.

बालवाडी_बाई

मिफी संग्रहालय. मिफीचे जनक डिक ब्रुना उट्रेख्तचेच, जन्म १९२७, निधन २०१७. ससुली पहिल्यांदा आली १९५५ मध्ये. डच नाव नाइन्त्ये, पाट्यांवर तेच दिसेल.

संग्रहालय २ ते ६ वयासाठी आहे आणि हे त्यांनी गंभीरपणे घेतलेलं आहे: छोटी दालनं, सगळ्या वस्तू मुलांच्या उंचीला, हात लावायला मुभा. तुमची मुलगी तिथे दीड तास रमेल, मुलगा विसाव्या मिनिटाला कंटाळेल. म्हणून फोड करा. मुलीसोबत एक मोठं माणूस आणि आजी. मुलाला जवळच्याच विद्यापीठ संग्रहालयात न्या. तिथे नुसतं पाहायचं नसतं, प्रयोग करायचे असतात, आणि मागे जुनी वनस्पती बाग आहे. आजोबांना बागेत सोडा. तिथला जुना गिंको वृक्ष युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो.

वेळेचा खण ऑनलाइन आरक्षित करावा लागतो, आणि पावसाळी शनिवार-रविवारचे खण आधी संपतात. सकाळचा पहिला खण घ्या. लहान जागा आहे, दुपारी गलका वाढतो.

बाकी मिफी फुकटात बघायची असेल तर मध्यभागात पादचाऱ्यांचा एक सिग्नल आहे, त्यात लाल-हिरव्या माणसाऐवजी मिफी उजळते आणि खालचे झेब्रा पट्टे इंद्रधनुषी आहेत. फोटो काढायला रस्त्यात थांबू नका, सायकलवाले ब्रेक मारत नाहीत.

राईनकाठी

हे फोडीचं डोक्यात आलं नव्हतं. मग रेल्वे संग्रहालयाला किती वेळ धरू? आणि डे हार?

रूळवाला

रेल्वे संग्रहालयाला साडेतीन तास धरा, चार लागले तरी कुणी कुरकुर करणार नाही. इमारत म्हणजे १८७४ चं मालीबान स्टेशन. देशातली पहिली गाडी १८३९ मध्ये ॲमस्टरडॅम ते हार्लेम धावली. तिच्या 'डे आरेंड' इंजिनाची प्रतिकृती आत आहे. मुलांना आवडणारे भाग म्हणजे नाट्यमय देखाव्यांतून फिरायच्या दोन-तीन 'दुनिया', इंजिनांच्या मधून जाणारी छोटी फेरी, आणि बाहेरच्या अंगणातली खेळगाडी. सासू-सासऱ्यांसाठी जुन्या हेग स्टेशनातलं राजघराण्याचं प्रतीक्षालय जसंच्या तसं आणून बसवलं आहे. बसायला जागा मुबलक.

पोचायची खरी मजा अशी की उट्रेख्त सेंट्रालहून एक छोटी गाडी थेट संग्रहालयाच्या फलाटावर सोडते. पण ती तासाला एकच. परतीची वेळ आत शिरतानाच पाहून ठेवा, नाहीतर थकलेल्या मुलांसह ४० मिनिटं बसून राहावं लागतं. चुकलीच तर बस.

डे हार सोडा. तुम्ही त्याच दिवशी रेल्वे संग्रहालय धरलंय, त्यात किल्ला बसत नाही.

पैठणीवाली

मला डे हार सोडू नये असं वाटतं. उलट रेल्वे संग्रहालय सोडा. किल्ला दिसतो मध्ययुगीन, पण आजचं रूप १८९२ पासून वास्तुविशारद कायपर्स यांनी उभं केलेलं. पैसा आला रोथशील्ड घराण्यातून आलेल्या सुनेकडून. पडक्या भिंतींवर त्या काळच्या आधुनिक सोयींसकट किल्ला चढवला. बागा सपाट, चालायला सोप्या. आजी-आजोबांना इंजिनांपेक्षा हे जास्त आवडेल.

रूळवाला

मध्यभागापासून जाऊन-येऊन दीड तास, किल्ल्याच्या आतला प्रवेश ठरलेल्या वेळेचा, आणि रविवारी बसच्या फेऱ्या विरळ. दोन रात्रींच्या मुक्कामात अर्धा दिवस जातो. तिसरी रात्र असती तर मीच सुचवलं असतं.

पैठणीवाली

ठीक, पण मग रविवारी दुपारी स्पीलक्लोक तरी ठेवा. मध्ययुगीन ब्यूरकेर्क चर्चमध्ये आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं संग्रहालय: संगीतपेट्या, घड्याळं, आणि घरभर मोठे रस्त्यावरचे ऑर्गन. नुसतं फिरलात तर अर्धं हुकतं. वाद्यं वाजवून दाखवणारी फेरी ठरावीक वेळी असते, दारात पुढची वेळ विचारा आणि तिच्यासोबतच फिरा. बसून ऐकता येतं. ५ ते ७५, सगळ्या वयांना चालणारं उट्रेख्तमधलं हे एकच ठिकाण.

आणि शनिवारी सकाळी ब्रेडस्ट्राटवर कापडबाजार भरतो. ताग्यांतून मीटरवर कापड, उरलेले तुकडे स्वस्तात. सासूबाईंना शिवणाची आवड असेल तर तासभर हलणार नाहीत. यान्सकेर्कहोफला त्याच दिवशी फुलबाजार. फ्रेडेनबुर्खचा मोठा बाजार बुधवार, शुक्रवार, शनिवार.

बाराखडी

+१ स्पीलक्लोकला.

वास्तुकलेची आवड असलेलं कुणी असेल तर रीटफेल्ट श्रोडर घर, १९२४ चं, २००० पासून जागतिक वारसा यादीत. वरच्या मजल्याच्या भिंती सरकवून खोल्या होतात आणि मोडतात. गट लहान, आरक्षण सक्तीचं, ५ वर्षांच्या मुलीसोबत नकोच.

थालीपीठ

आता जेवण. अंडं नको ही अट असेल तर डच बाजूचे बरेच पदार्थ गळतात. पॅनकेक आणि पोफर्च्येस (छोटे फुगीर पॅनकेक) यांत बहुधा अंडं असतं. मेयोनीजमध्ये असतं. वेष्टनावर 'एइ' शब्द दिसला तर अंडं. फ्राइज चालतील, पण त्याच तेलात मांसाचे क्रोकेट तळलेले असतात, आणि काही जुनी दुकानं गोमांसाच्या चरबीत तळतात. विचारा: "प्लांटआर्दिख ओली?", म्हणजे वनस्पती तेल का. चीज घालून तळलेलं कासूफले शाकाहारी म्हणून विकतात, पण तेल तेच. चीजमध्ये प्राण्यांचं विरजण असू शकतं, ते ज्यांना चालत नाही त्यांनी वेष्टनावर 'वेजिटारिस स्ट्रेमसेल' शोधावं. मुलांच्या गोळ्या-जेलींमध्ये जिलेटिन असतं, तेही पाहा.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे सुरिनामी दुकानं. १८७३ मध्ये कलकत्त्याहून 'लाला रूख' जहाजाने पहिले मजूर सुरिनामला गेले. बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे. त्यांचे वंशज पुढे मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले. त्यांची रोटी म्हणजे डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, सोबत बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी. शाकाहारी रोटीतही उकडलेलं अंडं ठेवायची पद्धत आहे, म्हणून मागतानाच "झोंडर एइ", अंड्याशिवाय, असं सांगा. उडदाच्या पिठाचा बारा मिळतो. सासूबाई त्याला वडाच म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. तिखट सांभाळा, त्यांची 'मादाम जनेट' मिरची आपल्या लवंगीला भारी पडते.

हॉटेलात किचन असेल तर स्टेशनच्या पश्चिमेला लोंबोक भागात कनालस्ट्राट गाठा. तुर्की, मोरोक्कन वाण्यांकडे कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, डाळी. सुपरमार्केटमध्ये ताकासाठी 'कार्नेमेल्क' घ्या, दह्यासाठी 'तुर्क्स योगुर्ट'. दहीभात झाला की वडीलधाऱ्यांची संध्याकाळ निवांत.

जेवणाची वेळ लवकरची आहे. रात्री नऊनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात. सहा जणांचं टेबल शनिवारी आरक्षणाशिवाय मिळत नाही. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, 'क्रानवाटर' मागितलं तर काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी बाटलीच घ्या म्हणतात. छोट्या बाटल्या आणि पेयांच्या डब्यांवर १५ सेंट अनामत असते, मोठ्या बाटलीवर २५. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून पावती घ्या आणि काउंटरवर द्या. तुम्ही जर्मनीतले, ही सवय असेलच, पण डच बाटल्या जर्मन यंत्र घेत नाही.

खिल्लारी

सायकलींचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. घेऊ नका. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं यांनी दोन तासांत शिकावं असं हे शहर नाही. स्टेशनजवळच्या सायकलतळात १२,५०० जागा आहेत, जगातला सर्वांत मोठा. त्यावरून गर्दीचा अंदाज घ्या. रेल्वेची पिवळी-निळी ओव्ही-सायकल पर्यटकांना मिळत नाही, त्याला डच वर्गणी लागते. खासगी दुकानातून घ्यावी लागेल.

तरी घेणारच असाल तर: बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबून थांबवायची असते. रिकाम्या गल्लीत सराव करा. मुलीला पुढच्या पेटीच्या सायकलीत बसवा, पण ती सायकल वळवायला मोठा घेर लागतो आणि थांबताना ती एका बाजूला कलते. रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण तुमच्याकडे टोक करून असतील तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. फोन हातात धरणं २०१९ पासून दंडनीय. शनिवारी जुन्या गावात न शिरता पूर्वेला अमेलिसवेर्डच्या झाडीकडे जा, नदीकाठाने सपाट रस्ता आहे.

वडीलधाऱ्यांना एकच सूचना: लालसर डांबराची पट्टी म्हणजे सायकलींची. तिच्यावर थांबून नकाशा बघायचा नाही.

बालवाडी_बाई

पाऊस आला तर नोडे चौकातलं वाचनालय. १९२४ चं मुख्य पोस्ट ऑफिस, पिवळ्या विटांचं उंच कमानी छत, २०२० पासून वाचनालय. प्रवेश फुकट, मुलांचा मजला, स्वच्छतागृह, कॉफी. ऊन असेल तर ग्रिफ्टपार्क: मोठं खेळायचं मैदान आणि शेळ्या-कोंबड्यांची छोटी शेती. तेही फुकट.

राईनकाठी

नवा आराखडा. शुक्रवार: सकाळी पोचून सामान ठेवायचं, डोमअंडर (मुलगा आणि त्याचे बाबा), बाकीचे पांडहोफमध्ये, दुपारी बोट. शनिवार: सकाळी पहिल्या खणात मिफी आणि विद्यापीठ संग्रहालय अशी फोड, मग कापडबाजार, संध्याकाळी रोटी. रविवार: रेल्वे संग्रहालय, जमल्यास स्पीलक्लोक, संध्याकाळची आयसीई. टॉवर, किल्ला, सायकली रद्द.

राहायचं कुठे आणि मोटारीने आलो तर?

गंधारपंचम

कापडबाजार शनिवारी सकाळी आटपून घ्या, दुपारी आवराआवर सुरू होते. मिफीचा पहिला खण घेतलात तर बसेल.

राहणं: सहा जणांची खोली शोधू नका, नाही मिळत. दोन खोल्या मधल्या दाराने जोडलेल्या, किंवा किचन असलेलं अपार्टमेंट-हॉटेल. कालव्यावरच्या जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि जिना जवळपास शिडीइतका उभा असतो. आरक्षण करण्याआधी लिफ्ट आहे का, तुमच्या मजल्यापर्यंत जाते का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. १ जानेवारी २०२६ पासून निवासावरचा मूल्यवर्धित कर ९ वरून २१ टक्के झाला आहे, शिवाय नगरपालिकेचा पर्यटक कर वेगळा. संकेतस्थळावरची रक्कम दोन्ही धरून आहे का ते पाहा.

मोटार: मध्यभागात नेऊ नका, पार्किंगचे दर बघून सुट्टीची हौस फिटेल. दक्षिणेला वेस्टरावेनचं पार्क अँड राइड आहे, तिथून ट्राम. तिकिटात पाच जणांपर्यंतचा मध्यभागापर्यंतचा प्रवास धरलेला असतो. तुम्ही सहा, म्हणजे एक तिकीट वेगळं. रात्रभर गाडी ठेवायची तर त्याचे नियम आधी वाचा. जुनी डिझेल असेल तर शहराच्या पर्यावरण-क्षेत्रात तिला प्रवेश नाही, जर्मनीचं प्रदूषणाचं हिरवं स्टिकर तिथे ग्राह्य नाही. आणि बहुतेक महामार्गांवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत वेगमर्यादा १०० आहे. सीमेवर पाटी दिसली की पाय उचला, कॅमेरे आहेत.

सहा जणांसाठी पाच आसनी मोटार तशीही पुरणार नाही. रेल्वेच बरी.

राईनकाठी

रेल्वेच. शेवटचा प्रश्न: रविवारी हॉटेल सोडल्यावर सामान?

रूळवाला

आधी हॉटेललाच विचारा, बहुतेक ठेवतात. नाहीतर सेंट्राल स्टेशनात लॉकर आहेत, पैसे फक्त कार्डाने, आणि उघडायलाही तेच कार्ड किंवा पावती लागते, त्यामुळे ज्याच्या कार्डाने बंद केलं त्याने ते सोबत ठेवायचं. मोठे लॉकर शनिवार-रविवारी लवकर भरतात. मालीबानची गाडी सेंट्रालहूनच सुटते, म्हणून सामान टाकून सरळ फलाटावर जाता येईल. परतताना आयसीईच्या आधी ४० मिनिटं हाताशी ठेवा: लॉकर, स्टेशनातलं पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह, सहा जणांच्या फलाटावरच्या जागा. फलाट ऐनवेळी बदलतात आणि उद्घोषणा आधी डचमध्ये होते, नजर पाटीवर ठेवा. लिफ्ट प्रत्येक फलाटाला आहे.

राईनकाठी

मिफीचा शनिवारचा सकाळचा खण आणि डोमअंडर दोन्ही आरक्षित केलं. बोटवाल्यांना धक्क्याबद्दल लिहून विचारलं आहे, उत्तर आलं की इथे टाकते.